नाणेघाट आणि छायाचित्राचें इमान

चित्र घेतेवेळींच तें कॅमेऱ्यांत निर्दोष साधावें, कीं मागाहून काळोख्या खोलींत, अथवा आतांच्या रीतीप्रमाणें संगणकाच्या पडद्यावर, त्याची दुरुस्ती करावी, हा छायाचित्रकारांतील वाद जवळजवळ त्या कलेइतकाच जुना आहे. पहिल्या पक्षाचे लोक दुसऱ्यास लबाड म्हणतात. दुसऱ्या पक्षाचे लोक पहिल्यास भाबडे समजतात. चित्र केवळ भिंतीवर टांगून पाहावयाचें असेल तोंपर्यंत हा रुचीचा वाद आहे, आणि रुचीच्या वादांत इतिहासाच्या अभ्यासकानें तोंड न घालणेंच बरें. परंतु तेंच चित्र पुरावा म्हणून पुढें आलें कीं प्रश्नाचें रूप पालटतें. मग कोणता हात केव्हां फिरला याची विचारपूस करावीच लागते. या विचारपुशीस आम्हांस सर्वांत सोयीचें वाटणारें स्थळ मुंबईंतील एखादी चित्रशाळा नसून ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्याच्या माथ्यावरील एक लेणें आहे. तेथें हा प्रश्न छायाचित्रणाचा शोध जगापुढें येण्यापूर्वींच उपस्थित झाला होता.

मुरबाडाहून माळशेजच्या वाटेनें वैशाखऱ्यापाशीं आलें म्हणजे सह्याद्रीच्या भिंतींत एक खिंड दिसूं लागते. तोच नाणेघाट. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल जुन्नर व पैठण येथें नेण्याची सातवाहनकालीन वाट ती हीच. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे, आणि खिंडीच्या तोंडाशीं, जुन्नर तालुक्याच्या हद्दीस लागून, तें लेणें आहे. त्यांत स्तूप नाहीं, बुद्धमूर्ति नाहीं. मागील भिंतीवर राजकुलांतील मंडळींच्या प्रतिमा एका रांगेंत कोरल्या होत्या व प्रत्येकीच्या डोक्यावर नांव घातलें होतें: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. प्रतिमा आज नाहींत. कोठें कोठें पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. डावीउजवीकडील भिंतींवर दहा दहा ओळींचा एक मोठा लेख आहे. राणी नायनिकेचा, म्हणजेच नागनिकेचा, तो लेख इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा असावा असें बहुतेक अभ्यासक मानतात. अश्वमेधादि वैदिक यज्ञांची व त्या त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे.

या यादीचें विशेष महत्त्व तींतील अंकांमुळें आहे. ब्राह्मी अंकचिन्हांचा इतका जुना व इतका मोठा संग्रह दुसरीकडे क्वचितच सांपडतो. 1,700 गाई व 10 हत्ती, 11,000 गाई व 1,000 घोडे, 24,400 कार्षापण, असे आंकडे तेथें कोरलेले आहेत. त्या काळीं आजच्यासारखी स्थानपरत्वें किंमत ठरविण्याची पद्धति नव्हती. हजाराचें एक चिन्ह असे. त्याला चाराचें चिन्ह जोडलें कीं चार हजार, दहाचें जोडलें कीं दहा हजार. म्हणजे एक लहानसा फांटा डोळ्यांस दिसला नाहीं तर दहा हजारांचे एक हजार होतात. आणि दगडांतील एखादी चीर फांटा म्हणून वाचली तर एक हजारांचे दहा हजार. त्यांतच दगड झिजलेला. ओळींचे मधले मधले भाग खवलून गेले आहेत. अशा भिंतीची नक्कल करणारा मनुष्य प्रत्येक पावलाला एक निर्णय देत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

कर्नल साईक्स यांनीं या लेखाची नक्कल 1837 सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. ती करतांना त्यांस त्यांतील एक अक्षरही वाचतां येत नव्हतें. कारण ब्राह्मी लिपीचा उलगडा प्रिन्सेप यांनीं कलकत्त्यास केला तो त्याच सुमारास. साईक्स यांनीं आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच या लेखांना बौद्ध ठरवून टाकलें, आणि ज्या लेखांत यज्ञयागांखेरीज फारसें कांहीं नाहीं तो लेखही त्या मथळ्याखालीं गेला. याबद्दल त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. पुढें मुंबईच्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या हाताखालीं तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं भिंतीवरील नांवांवरून नाहींशा झालेल्या प्रतिमा ओळखल्या, आणि 1877 सालीं अंकचिन्हांचा उलगडा विद्वानांपुढें मांडला. 1883 सालीं डॉक्टर ब्यूलर यांनीं पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्वविषयक अहवालांत सर्व लेख भाषांतरासह छापला.

येथें एक चमत्कारिक गोष्ट लक्ष्यांत येते. न वाचतां येणाऱ्याच्या हातून चुका होतात त्या आंधळ्या असतात: रेघ वांकडी पडते, फांटा निसटतो. वाचतां येणाऱ्याच्या हातून होणाऱ्या चुका डोळस असतात. तेथें कोणतें अक्षर असावयास पाहिजे हें त्याला ठाऊक असतें, म्हणून तें अर्धवट असलें तरी त्याला पुरें दिसतें. पहिल्याची चूक दुसऱ्या नकलेशीं ताडून पाहतां येते. दुसऱ्याची चूक शुद्ध, सुबक व पटण्याजोगी असल्यामुळें ती कोणास खटकतच नाहीं. या लेखांतील एका राजपुरुषाचें नांव ब्यूलर यांनीं ‘वेदिसिरि’ असें वाचलें. पुढील कांहीं अभ्यासकांनीं त्याच जागीं ‘खंदसिरि’ असें वाचलें. दोनअडीच झिजलेलीं अक्षरें. पण त्यांवर सातवाहनांच्या वंशावळींतील एक मनुष्य उभा राहतो किंवा नाहींसा होतो. ज्यांस भिंतीपुढें उभें राहण्याची संधि नाहीं, त्यांनीं या वादाचा निर्णय कशावरून करावा? नकलेवरून. आणि नकलेवर कोणीं लेखणी फिरविली असेल तर मग निर्णय कसला करावयाचा? लेखणी फिरविणाऱ्याचें मत तेवढें कळेल.

यामुळेंच शिलालेखांच्या अभ्यासकांत ठशांचा प्रघात पडला. ओला कागद दगडावर बसवून ताठ केसांच्या कुंचल्यानें तो ठोकावयाचा, म्हणजे कागद अक्षरांच्या खांचांत शिरतो. मग वरून शाईचें पोतेरें हलकेंच फिरवावयाचें. दगडाचा पृष्ठभाग काळा उमटतो व अक्षरें पांढरीं राहतात. दगडांतील चिरा, खवले, टवके हेंही सगळें त्यांत उमटतें, आणि तेथेंच छापणाऱ्यास मोह होतो. चिरा खरडून टाकाव्या, तुटक अक्षरें जुळवावीं, पान स्वच्छ करावें! जनरल कनिंगहॅम यांनीं 1877 सालीं छापलेल्या अशोकाच्या लेखांतील पट हातानें काढलेल्या नकलांवरून केलेले होते. ते दिसावयास फार स्वच्छ आहेत, आणि तो ग्रंथ पुन्हां नव्यानें करावा लागला. डॉक्टर फ्लीट यांनीं गुप्त राजांचे लेख 1888 सालीं प्रसिद्ध केले तेव्हां ठशांवर हात न फिरवितां ते यंत्रानेंच छापावे असा आग्रह धरला. फ्लीट यांचीं पानें मळकट दिसतात. पण एखाद्या अक्षराविषयीं त्यांचें मत चुकलें असें आज आपणांस म्हणतां येतें, तें त्यांच्याच त्या मळकट पानाच्या आधारानें.

कोणी म्हणेल कीं यावरून पहिल्या पक्षाचा जय झाला: घेतेवेळीं नीट घ्यावें, मागाहून हात लावूं नये. आम्हांस तसें वाटत नाहीं. शिलालेखाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं अक्षरांत खडू किंवा पांढरा रंग भरण्याची एक रीत होती, व ती अजून पुरती गेलेली नाहीं. त्या चित्रावर मागाहून कोणीही हात फिरविलेला नसतो. कॅमेऱ्यानें जें पुढें होतें तेंच इमानानें घेतलेलें असतें. पण पुढें होतें तें काय? खडू भरणाऱ्याचें वाचन. हात फिरलाच, तो फक्त झांकण उघडण्यापूर्वीं फिरला. याच्या उलट, नाणेघाटाच्या लेण्याचें तोंड उघडें असल्यामुळें उजेड बाजूच्या भिंतींवर तिरपा सरपटत येतो. त्या उजेडांत खांचेची एक कड उजळ व दुसरी काळी होऊन अक्षर आपोआप उठतें. त्या घटकेची वाट पाहत बसणें हेंही एक प्रकारचें आधीं केलेलें संस्करणच. परंतु त्यानें दगडांत नसलेलें कांहीं चित्रांत आणलें जात नाहीं. दोन्ही गोष्टी ‘कॅमेऱ्यांतच’ झाल्या, तरी एक साक्ष आहे व दुसरी वकिली.

मुंबई इलाख्यांत छायाचित्रण आलें तें लवकर आणि मोठ्या हौसेनें. 1854 सालीं मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली; दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें त्या कलेचा वर्ग उघडला. हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गांतले. भाऊ दाजींचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हेही त्या काळचे नामांकित छायाचित्रकार. त्या वेळचें काम म्हणजे आजच्यासारखें बोट दाबण्याचें नव्हे. कांचेवर कलोडियनचा थर द्यावयाचा, ती रौप्यद्रावणांत बुडवावयाची, आणि ओली आहे तोंच, दहापंधरा मिनिटांच्या आंत, चित्र घेऊन तें उठवावयाचें. त्याकरितां काळोखी राहुटी, बाटल्या, पाणी हें सारें बैलगाडीवर वा हमालांच्या डोक्यावर न्यावें लागे. शिवाय त्या कांचेस निळा रंग फार लवकर लागे, म्हणून डोंगर नीट घ्यावा तर आकाश कोरें पांढरें पडे. ढगांची निराळी कांच ठेवून ती वर छापण्याची युक्ति युरोपांत निघाली ती या अडचणींतून. म्हणजे मागाहूनची दुरुस्ती ही केवळ लबाडीची लेक नव्हे. यंत्राच्या अपुरेपणाचीही ती लेक आहे.

पण युक्तीला सीमा राहत नाहीं. त्याच सोसायटीच्या आरंभीच्या मंडळींतील विल्यम जॉन्सन यांनीं मुंबईंतील नानाविध जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 व 1866 सालीं काढले. दुसरा महाराष्ट्राविषयीं आहे. त्या चित्रांतील पुष्कळ मंडळी चित्रशाळेंत उभी करून घेतलेली आहेत, आणि त्यांच्या पाठीमागचें देऊळ, तळें किंवा रस्ता निराळ्या कांचेवरून आणून जोडलेला आहे. बारकाईनें पाहणारास आंखलेल्या कडा व न जुळणाऱ्या सावल्या दिसतात. पागोट्याचा पीळ खरा, लुगड्याचा कांठ खरा, नाकांतील नथ खरी. मनुष्य ज्या जागीं उभा आहे ती जागा मात्र खोटी. पोषाखाचा इतिहास लिहिणारास हे खंड अमोल आहेत. मनुष्य आणि त्याची भूमि यांचा संबंध पाहूं जाणारास ते चकवितात.

आणि हा संबंध सर्वत्र सारखा दुय्यम नसतो. शहापूर तालुक्यांतील ठाकूर किंवा कातकरी मनुष्य कमरेस कोयत्याची आकडी बांधतो ती रानांत जावयाचें म्हणून; त्याच्या मागें रान नसेल तर ती आकडी नुसता दागिना होऊन बसते. माहुलीच्या पायथ्याचा एखादा महादेव कोळी रंगविलेल्या खांबापुढें, फुलदाणीशेजारीं उभा केला, तर चित्र कितीही स्पष्ट येवो, त्यांतून त्याचें अर्धें आयुष्य कापून टाकलेलें असतें. येथें कात्री मागाहून चालविलेली नाहीं हें खरें. पण पडदा टांगला तेव्हांच ती चालली.

‘आधीं’ केलेल्या लबाडीचें याहून भयंकर उदाहरण लखनौचें आहे. 1857 च्या नोव्हेंबरांत सिकंदरबागेंत मोठी कत्तल झाली. फेलिस बेआटो तेथें पोंचला तो 1858 च्या वसंतांत. त्याच्या प्रसिद्ध चित्रांत पडक्या इमारतीपुढील अंगणांत हाडें व कवट्या विखुरलेल्या दिसतात. त्या चित्रासाठीं मुद्दाम बाहेर काढून मांडल्या असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. कांचेवर पेन्सिलीची एक रेघ नाहीं. दृष्टीनें पाहिलें तें सर्व खरें, आणि तरी तो देखावा बेआटोनें रचलेला! याच्याशेजारीं गिरगांवचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर यांचीं 1919 सालचीं जालियनवाला बागेचीं चित्रें ठेवावीं. तेथेंही हत्याकांड होऊन गेल्यावर कॅमेरा पोंचला. तेथेंही सांगणाऱ्याचा हात चित्रांत आला. भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा खडूनें वेढलेल्या आहेत, माणसें त्यांकडे बोट दाखवीत आहेत. परंतु तो खडू खडू म्हणूनच दिसतो, तें बोट बोट म्हणूनच दिसतें. भोंक निराळें आणि भोंकाभोंवतींची रेघ निराळी, हें पाहणारास क्षणांत कळतें. आमचा सगळा मुद्दा या एका फरकांत आहे. हात केव्हां फिरला, आधीं कीं मागाहून, हा प्रश्न दुय्यम. हाताची खूण उघडी आहे कीं पुसलेली, आणि हात लागण्यापूर्वींचें मूळ कोठें जपलें आहे कीं नाहीं, हे खरे प्रश्न.

पेढ्यांत होणाऱ्या दुरुस्तीकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे एक हानि ध्यानांत येते. तिचा विचार फारसा झालेला नाहीं. शहापूर, किन्हवली, मुरबाड, सरळगांव या बाजूच्या जुन्या घरांत ओटीवर हार घातलेल्या तसबिरी असतात. त्या ज्या पेढ्यांत तयार झाल्या तेथें दुरुस्ती करणारा कारागीर असे. उतरत्या चौकटींत निगेटिव्हची कांच बसवून, खालून आरशानें उजेड घेऊन, तो तीवर अणकुचीदार पेन्सिल चालवी. चेहऱ्यावरील डाग निगेटिव्हवर पारदर्शक ठिपक्यासारखा दिसतो. तो पेन्सिलीनें भरला कीं छापांत कातडी सारखी येते. सुरकुती गेली, रंग एक छटा उजळला, घरची मंडळी खूष झाली. उपवर मुलींच्या फोटोंवर ही पेन्सिल किती उदारपणें चाले हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मृतांच्या मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे रंगवून घेण्याचीही चाल होती. तिची थट्टा आमच्यानें करवत नाहीं. ज्या घरीं गेलेल्या माणसाचें तेवढें एकच चित्र, त्या घरानें दुसरें काय करावें? पण याच पेन्सिलीनें देवीचे वण पुसले. एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या पूर्वार्धांत देवीचा रोग आपल्या खेड्यापाड्यांतून वरचेवर फिरे. भारत त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें तें 1977 सालीं. ज्या पिढ्यांत वण नसलेलीं घरें थोडींच, त्या पिढ्यांच्या तसबिरींत वण असलेला चेहरा शोधून काढावा लागतो. केवळ चित्रांवर विसंबणारा उद्यांचा इतिहासकार काय अनुमान काढील? कुटुंबानें मागितलें व कारागिरानें दिलें, त्यांत कोणाचा अपराध नाहीं. मात्र मूळ कांचा पेढ्यांनीं रद्दींत काढल्या किंवा धुऊन पुन्हां वापरल्या, आणि पेन्सिलीखालचा चेहरा कायमचा गेला.

आतां तर ‘कॅमेऱ्यांत’ व ‘मागाहून’ ही सीमारेषाच उरलेली नाहीं. खिशांतील मोबाईल एका दाबासरशीं अनेक चित्रें घेतो, त्यांतील बरे भाग निवडून जोडतो, चेहरा गुळगुळीत करतो, आणि तयार चित्र पुढें ठेवतो. मागाहून कांहींच केलें नाहीं असें आपण शपथेवर सांगूं शकतों. 2023 सालीं एकानें चंद्राचें चित्र मुद्दाम अंधुक करून पडद्यावर लाविलें व सॅमसंगच्या मोबाईलनें त्याचा फोटो घेतला. अंधुक चित्रांत नसलेले खड्डे फोटोंत स्पष्ट उमटले. हा चंद्र आहे असें यंत्रानें ओळखलें होतें, आणि चंद्रावर काय असावयास पाहिजे हें त्यास शिकविलेलें होतें. नाणेघाटाच्या भिंतीपुढें झिजलेलें अक्षर पुरें पाहणाऱ्या पंडिताची ही हुबेहूब चूक! पंडितानें निदान चौकोनी कंस घालावा अशी आतां शिस्त आहे. मोबाईलास कंस ठाऊक नाहीं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. 2001 सालीं टॉम माल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक रीत प्रसिद्ध केली, ती सर्वस्वी मागाहूनच्या कामावर उभी आहे. कॅमेरा एका जागीं खिळवून ठेवावयाचा, दिव्याची जागा मात्र प्रत्येक वेळीं बदलावयाची, आणि अशीं अनेक चित्रें घ्यावयाचीं. मग संगणक त्यांचा मेळ घालतो, व अभ्यासकास घरीं बसून भिंतीवरचा उजेड हवा त्या दिशेनें फिरवितां येतो. जें अक्षर कोणत्याही एका उजेडांत दिसत नाहीं तें या फिरत्या उजेडांत दिसूं शकतें. कॅमेऱ्यांतच सर्व साधावें या मताच्या माणसास हें पाप वाटेल. पण यांत मूळ चित्रें सर्वच्या सर्व जपलेलीं असतात. ज्याला शंका येईल त्यानें पुन्हां मेळ घालून पाहावा.

नाणेघाटीं हल्लीं पावसाळ्यांत मोठी गर्दी लोटते ती वाऱ्यानें उलटें फेकलें जाणारें धबधब्याचें पाणी पाहावयास. प्रत्येकाच्या हातीं कॅमेरा असतो. घाटाच्या तोंडाशीं दिवसभरांत हजारों चित्रें निघतात, व पांचपन्नास पावलांवरील त्या वीस ओळी बहुतेकांच्या पाठीशीं राहतात. दगड तर वर्षास कांहीं ना कांहीं देऊन मोकळा होत आहे. मुरबाड किंवा शहापूर येथील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास व पदार्थविज्ञान या दोन शाखांनीं मिळून, पुरातत्त्व खात्याची परवानगी काढून, दोन्ही भिंतींचीं अशीं चित्रें दर कांहीं वर्षांनीं घ्यावीं असें आम्हांस फार वाटतें. लागणारें साहित्य थोडें आहे: एक कॅमेरा, घट्ट उभी राहणारी तिपाई, हातांतला दिवा, मापाची पट्टी, आणि चकचकीत काळा गोळा. उजेड कोणत्या बाजूनें आला हें त्या गोळ्यावरील चकाकीच्या ठिपक्यावरून ठरवितात, म्हणून तो प्रत्येक चित्रांत दिसेल असा ठेवावा लागतो. भिंतीस हात लावावा लागत नाहीं, खडू नको, शाई नको. पाऊस संपून भिंती सुकल्या म्हणजे कार्तिकांत या कामास आरंभ करावा.